स्वतःची अथॉरिटी घेतोय, दोन ट्रक आहेत, इन्शुरन्सच्या दोन कोटमध्ये खूप फरक येतोय, नेमकं काय बघू?

दोनट्रकवाला

नमस्कार मंडळी, अमेरिकेत ट्रकिंग करणारे बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतोय. चार वर्षं झाली मी एका मोठ्या कॅरियरकडे, म्हणजे मालवाहतूक कंपनीकडे, लीजवर माझा ट्रक चालवतोय, दारावर त्यांचाच डीओटी (वाहतूक खात्याचा) नंबर, इन्शुरन्स त्यांचाच, दर आठवड्याच्या सेटलमेंटमधून माझे पैसे कापून जातात एवढंच मला त्यातलं माहीत. आता मावसभावाने सीडीएल (ट्रकचं लायसन्स) काढून आठ महिने झालेत, त्याच्यासाठी लोनवर दुसरा ट्रक घेतला, मग विचार केला की किती दिवस दुसऱ्याच्या नावावर चालवायचं, ३०० डॉलर भरून स्वतःच्या अथॉरिटीचा, म्हणजे स्वतःच्या नावावर माल नेण्याच्या सरकारी परवान्याचा, अर्ज टाकला. ती अजून पेंडिंग आहे कारण इन्शुरन्स कंपनीने पॉलिसीची सरकारकडे नोंद (फायलिंग) केल्याशिवाय ती ॲक्टिव्ह होत नाही म्हणे.

दोन एजंटांकडून कोट घेतलेत. पहिला ऐकून घाम फुटला. दुसरा त्याच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी. दोन्हींच्या पहिल्या पानावर तेच लिहिलंय, लायबिलिटी (दुसऱ्यांचं नुकसान) १० लाख डॉलर, कार्गो (माल) १ लाख डॉलर, फिजिकल डॅमेज (आपल्याच ट्रकचं नुकसान). दुसरा एजंट म्हणतो कव्हरेज सेम आहे, फक्त कंपनी वेगळी म्हणून स्वस्त पडतंय.

तर माझे प्रश्न असे. कायद्याने साडेसात लाखच लागतात असं वाचलंय, मग १० लाखाचा खर्च कशाला? लीजवर असताना जो बॉबटेल इन्शुरन्स घेतलाय तो चालू ठेवायचा का? आणि कार्गोमध्ये नक्की काय काय येतं? माल बहुतेक ड्राय व्हॅनचाच (साधा बंद ट्रेलर) असतो, अधूनमधून रीफरचा (थंड ठेवणारा ट्रेलर) लोड मिळाला तर घेतो, स्वतःचा ट्रेलर एकच आहे, दुसरा ट्रक पॉवर ओन्लीवर चालवायचा विचार आहे म्हणजे ट्रेलर ब्रोकरचा (लोड मिळवून देणारा मध्यस्थ) किंवा दुसऱ्या कॅरियरचा. घरी बायको म्हणते स्वस्तवाला घ्या आणि सुरू करा, मलाही तसंच वाटतंय पण मन तयार होत नाही.

रात्रीचा_रस्ता

भाऊ, मन तयार होत नाही ते बरोबर आहे, थांबा जरा. मी १८ वर्षं चालवतोय, त्यातली ११ स्वतःच्या अथॉरिटीवर. कार्गोचं विचारलंत म्हणून माझ्यावर काय बेतलं ते सांगतो.

गोठवलेल्या चिकनचा लोड होता, रीफर माझा स्वतःचा. पहाटे तीनच्या सुमाराला ट्रक स्टॉपवर उठलो तर रीफरच्या कूलिंग युनिटचा आवाज नाही. नेहमी झोपेत पण तो आवाज कानात असतो ना, तो नसला की जाग येते, तसंच झालं. डिस्प्लेवर अलार्म कोड, चालूच होईना, मेकॅनिक येईपर्यंत साडेपाच तास गेले. रिसीव्हरकडे पोचलो तर त्यांच्या माणसाने शेपटाकडचा एक बॉक्स फाडला, थर्मामीटरची सुई आत खुपसली, आकडा बघितला, मग मधल्या पॅलेटमधला एक, मग पार पुढचा एक. काही बोलला नाही. बिल ऑफ लेडिंगवर (मालाच्या पावतीवर) आडवं लिहिलं रिफ्यूज्ड, खाली आकडा टाकला, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

माझ्याकडे १ लाखाचा कार्गो होता, रीफर ब्रेकडाऊनचं वेगळं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेलं जादा कलम) पण होतं, त्याचे जास्तीचे पैसे भरलेले. मी निश्चिंत. ॲडजस्टरने (क्लेम तपासणाऱ्याने) पहिला प्रश्न विचारला की युनिटची गेल्या वर्षभरातली सर्व्हिसिंगची बिलं पाठवा. सर्व्हिसिंग मी वेळेवर करून घेत होतो हो, पण ओळखीच्या मेकॅनिककडे, कॅश देऊन, बिल एकही नाही. एन्डॉर्समेंटच्या दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं की मेंटेनन्सचा रेकॉर्ड ठेवलेला नसेल तर क्लेम मिळणार नाही. मी ते पान क्लेम नाकारल्यावर वाचलं.

आणि इन्शुरन्सने नाही म्हटलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. इथे कार्मॅक म्हणून कायदा आहे, माल चांगल्या स्थितीत उचलला आणि खराब पोचला तर कॅरियर देणं लागतो, चूक कोणाची हे फारसं विचारत नाहीत. देवाची करणी, शिपरची स्वतःची चूक, मालाचाच अंगभूत दोष असे चारपाच अपवाद सोडले तर सुटका नाही. ब्रोकरने माझी बाकीच्या लोडची पेमेंट अडकवली, उरलेले मी दीड वर्ष हप्त्याने भरले. त्या दीड वर्षात एकदाही गावी गेलो नाही.

म्हणून कार्गोच्या कागदात १ लाख हा आकडा बघू नका, काय वगळलंय ते बघा. तीन गोष्टी हमखास असतात. एक रीफरचं सांगितलंच. दुसरी अनअटेंडेड व्हेइकल, म्हणजे लोडेड ट्रेलर कुठेतरी उभा करून तुम्ही घरी झोपायला गेलात आणि चोरी झाली तर नाही, काही पॉलिसीत कुंपण आणि कुलूप असलेलं यार्ड लागतं, काहींमध्ये ट्रकमध्ये माणूसच लागतो. तिसरी मालाची यादी. इलेक्ट्रॉनिक्स, तांबं, दारू, सिगरेट असला चोरांच्या आवडीचा माल बऱ्याच पॉलिसीत एकतर वगळलेला असतो नाहीतर त्याची मर्यादा पार खाली असते, पहिल्या पानावर १ लाख आणि आत कुठेतरी तांब्याला १० हजार. ड्राय व्हॅनमध्ये काय भरून देतील ते आपल्याला आधी कुठे माहीत असतं, रेट कन्फर्मेशनवर (लोडच्या भाड्याच्या कागदावर) नुसतं जनरल फ्रेट लिहितात.

कागदपत्र_ताई

मी एका एजन्सीत कमर्शियल ट्रकिंगच्या पॉलिसी बघते, नववं वर्ष चालू आहे. रात्रीचा_रस्ता दादांनी कार्गोचं सांगितलंय त्यात काही घालायचं नाही, फक्त एवढंच की घरसामान हलवणारे सोडले तर फेडरल कायद्याने कार्गो इन्शुरन्स सक्तीचा नाहीच, २०११ साली ती अट काढून टाकली. पण ब्रोकर १ लाखाशिवाय लोड देत नाही, त्यामुळे तो घ्यावाच लागतो, आणि म्हणूनच स्वस्त कोट बनवताना सगळ्यात आधी कात्री तिथेच लागते.

आता साडेसात लाखाचं. दोन राज्यांमध्ये भाड्याने साधा माल नेणारा आणि १०,००१ पाउंड किंवा त्याहून जड गाडी असणारा कॅरियर असेल तर किमान ७,५०,००० डॉलर, तेल आणि काही घातक माल असेल तर १० लाख, स्फोटकं किंवा विषारी वायू असल्या अतिधोकादायक मालाला ५० लाख. हा साडेसात लाखाचा आकडा १९८० च्या मोटर कॅरियर ॲक्टच्या वेळचा आहे, १९८५ पासून लागू आहे आणि तेव्हापासून हललेला नाही. चाळीस वर्षांपूर्वी हॉस्पिटलचं बिल किती यायचं आणि आज किती येतं ते तुम्हीच बघा. एका अपघातात दोन गाड्या आणि चार जखमी एवढं झालं तरी साडेसात लाख पुरत नाहीत, उरलेलं मागायला वकील तुमच्या कंपनीच्या मागे लागतात. आणि ब्रोकर, शिपर बहुतेक सगळे इन्शुरन्सच्या सर्टिफिकेटवर १० लाखच मागतात, त्यामुळे साडेसात लाखाची पॉलिसी घेऊन लोड बोर्डवर (लोड शोधायच्या साइटवर) बसलात तर निम्मे फोन तिथेच संपतील. दोन्हीच्या प्रीमियममधला फरक मी आजवर जेवढे कोट बघितले त्यात फार मोठा कधी दिसला नाही.

बॉबटेलचं लोक नेहमी गोंधळतात म्हणून जरा नीट लिहिते. लीजवर असताना डिस्पॅचखाली (कंपनीच्या कामावर) चालवता तेव्हा कॅरियरची लायबिलिटी असते. स्वतःच्या कामाला ट्रक घेऊन निघालात, म्हणजे कंपनीचं काम नाही, तेव्हा नॉन ट्रकिंग लायबिलिटी लागते. बॉबटेल म्हणजे ट्रेलर न लावता नुसता ट्रॅक्टर चालवतानाची लायबिलिटी, मग डिस्पॅच असो नसो. बाजारात दोन्हीला सर्रास बॉबटेल म्हणतात पण पॉलिसी वेगवेगळ्या आहेत. तुमची स्वतःची अथॉरिटी आणि स्वतःची प्रायमरी लायबिलिटी आली की चोवीस तास तीच लागू, जुन्या बॉबटेलचा उपयोग नाही, बंद करा. पण लीज संपल्याचं लेखी आल्यावर आणि नवीन पॉलिसी सुरू झाल्याच्या दिवशीच बंद करा, एक दिवसही आधी नाही.

आता स्वस्त कोटबद्दल. भाऊ, मी तो बघितलेला नाही पण मला तीन जागा आत्ताच दिसतायत, तुम्ही घरी कागद उघडून तपासा. रेडियस, म्हणजे किती मैलांपर्यंत चालवणार, काय लिहिलाय. ड्रायव्हर लिस्टमध्ये कोण कोण आहे. ट्रेलरचं काय लिहिलंय. मावसभावाला सीडीएल काढून आठ महिनेच झालेत म्हणालात, बहुतेक कंपन्या दोन वर्षांचा अनुभव मागतात, त्यामुळे त्याच्यासकट कोट एवढा स्वस्त येणं मला पटत नाही.

सहा_वर्षं_सुखरूप

मी थोडं वेगळं मत मांडतो. माझे तीन ट्रक आहेत, सहा वर्षं साडेसात लाखावर चालवतोय, एकदाही अडचण आली नाही. माझे शिपर डायरेक्ट आहेत, ब्रोकर नाहीत, माल कागदाचे रोल, फेऱ्या ठरलेल्या. नवीन माणसाचं पहिल्या वर्षी इन्शुरन्समध्येच कंबरडं मोडतं, न्यू अथॉरिटी म्हटलं की ट्रकमागे पाच आकडी प्रीमियम, वर २० ते २५ टक्के डाउन पेमेंट, तेव्हा हाताशी डिझेलला आणि टायरला पैसे ठेवणं पण महत्त्वाचं आहे. आणि एमसीएस ९० हे कलम असतंच ना पॉलिसीला जोडलेलं, ड्रायव्हर लिस्टमध्ये असो नसो इन्शुरन्स कंपनीला पैसे द्यावेच लागतात. इतकं घाबरवू नका त्यांना.

कागदपत्र_ताई

दादा, डायरेक्ट शिपर असेल आणि त्याने करारात साडेसात लाख मान्य केले असतील तर तुमचं चालतं, मान्य. पण एमसीएस ९० बद्दल जे लिहिलंत ते अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं ऐकून माझ्यासमोर माणसं रडलेली आहेत म्हणून स्पष्ट सांगते.

एमसीएस ९० हा इन्शुरन्स नाही. ती रस्त्यावरच्या लोकांसाठी दिलेली हमी आहे. तुमच्या पॉलिसीत तो ट्रक किंवा तो ड्रायव्हर बसत नसेल तरी जखमी माणसाला कोर्टाने ठरवलेले पैसे कंपनी आधी देते, बरोबर. पण त्याच कागदावर लिहिलेलं असतं की पॉलिसीप्रमाणे जे देणं लागत नव्हतं ते कंपनी तुमच्याकडून वसूल करणार. म्हणजे कंपनीने समोरच्याला चार लाख दिले तर ते चार लाख तुमच्या नावावर कर्ज. आणि त्यात तुमचा ट्रक येत नाही, माल येत नाही, तुमचा नोकर ड्रायव्हर जखमी झाला तर तोही येत नाही. दोनट्रकवाला भाऊंचा मावसभाऊ पगारी असेल तर त्याला वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीचा इन्शुरन्स) लागेल की नाही ते राज्याप्रमाणे बघावं लागेल, तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाहीये पण विचारायला हवा, घरचा माणूस आहे म्हणून राहून जातं.

दोनट्रकवाला

ताई, दादा, सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री दोन्ही कोट प्रिंट काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि पेन घेऊन बसलो. आधी मी पहिली दोन पानंच बघितली होती, स्वस्तवाल्याची एकूण २३ पानं आहेत.

रेडियस, २०० मैल. मी तर डॅलस ते अटलांटा लाइन धरून बसलोय, एका बाजूनेच सातशेच्या वर मैल होतात, एजंटला हे फोनवर सांगितलं होतं तरी कागदावर २०० आहे. ड्रायव्हर, फक्त माझं नाव, आणि खाली बारीक अक्षरात की यादीत नसलेला ड्रायव्हर चालवत असेल तर कुठलंच कव्हरेज नाही. भावाचा ट्रक यादीत आहे, त्याचा प्रीमियम लावलाय, पण तो चालवणार कोण ते नाहीच. ट्रेलर, माझ्या एका ट्रेलरचा नंबर, बाकी काही नाही. कार्गोवर रीफर ब्रेकडाऊन नाही. डिडक्टिबल (क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारे पैसे) महागड्या कोटमध्ये २,५०० आणि यात १०,०००.

एजंटला फोन केला तर म्हणतो रेडियस सगळेच कमी लिहितात, कोण मोजायला येतंय. भावाचं म्हणे तीन महिन्यांनी टाकू हळूच. मी फोन ठेवून थोडा वेळ गप्प बसलो. घरात दोन पोरं आहेत, भावाचं लग्न व्हायचंय, आणि हा माणूस मला सांगतोय त्याला तसाच रस्त्यावर सोड.

महागड्या कोटमध्ये भावाचं नाव आहे, रेडियस अनलिमिटेड आहे. पण त्यात फिजिकल डॅमेजला स्टेटेड अमाउंट असं लिहिलंय, ते काय? आणि पॉवर ओन्लीसाठी ट्रेलरचं काय घ्यायचं?

रात्रीचा_रस्ता

कोण मोजायला येतंय म्हणाला? अहो इफ्टाचा (राज्यांच्या डिझेल टॅक्सचा) रिपोर्ट दर तीन महिन्यांनी आपण स्वतःच भरतो, कुठल्या राज्यात किती मैल ते सगळं त्यात. ईएलडीमध्ये (ट्रकमधल्या लॉगच्या यंत्रात) तर मिनिटामिनिटाचा हिशेब. मोठा क्लेम झाला की हे दोन कागद मागवायला कंपनीला एक ईमेल पुरतो, आणि अर्जात खोटं दिलं म्हणून क्लेम नाकारायला किंवा पॉलिसीच रद्द करायला त्यांना कारण मिळतं. त्या एजंटला त्या दिवशी काही होणार नाही, अर्जावर सही तुमची आहे. सोडा त्याला.

आणि जे फोनवर सांगता ते लगेच ईमेलवर पण लिहा, आत्ता बोलल्याप्रमाणे आमची लाइन एवढी आहे, ड्रायव्हर हे दोघं, माल हा, कृपया कोटमध्ये तसं आहे का ते कळवा. दोन ओळी. मी आता प्रत्येक रिन्यूअलला पाठवतो, आणि रीफरच्या सर्व्हिसिंगची बिलं फोनमध्ये फोटो काढून एका फोल्डरमध्ये, डिझेल फिल्टर बदलला तरी बिल.

कागदपत्र_ताई

स्टेटेड अमाउंटचं सांगते, इथे लोक फसतात. तुम्ही सांगितलेली किंमत लिहिलेली असते पण ट्रक टोटल झाला तर कंपनी तेवढे देईलच असं नाही, लिहिलेली किंमत आणि त्या दिवशीची बाजारभावाची किंमत यात जी कमी असेल ती मिळते, डिडक्टिबल वजा करून. समजा ट्रक ७० हजाराला घेतला, तेवढेच लिहिले, वर्षाने बाजारात तो ५० चा झाला आणि लोन ६० बाकी आहे, तर डिडक्टिबल धरलं नाही तरी हातात ५० येणार आणि १० तुम्ही बँकेला भरणार, ट्रक नसताना. जास्त लिहून प्रीमियम वाया जातो, कमी लिहून क्लेम कमी येतो, म्हणून दर रिन्यूअलला तशाच मॉडेलच्या, तेवढेच मैल झालेल्या ट्रकची किंमत बघून आकडा बदला. भावाचा ट्रक नवीन लोनवर आहे म्हणून त्याच्यापुरता लोन गॅप (हा लोनचा फरक भरणारं कव्हरेज) घेता येतो का ते विचारा. आणि टोइंग, स्टोरेज, रस्ता साफ करण्याचा खर्च यांची मर्यादा बघा, उलटलेला लोडेड ट्रक उचलायचं बिल ऐकून भले भले गार होतात.

पॉवर ओन्लीला दोन प्रकार आहेत. ट्रेलरच्या मालकाबरोबर लेखी इंटरचेंज ॲग्रीमेंट (त्याचा ट्रेलर वापरायचा करार) असेल तर ट्रेलर इंटरचेंज कव्हरेज. लेखी करार नसेल तर ते लागूच होत नाही, तेव्हा नॉन ओन्ड ट्रेलर फिजिकल डॅमेज लागतं. ब्रोकर कुठला कागद सही करून घेतो ते आधी मागवा आणि एजंटला पाठवा. मर्यादा किती ती पण बघा, रिकाम्या ड्राय व्हॅनपेक्षा रीफर ट्रेलरची किंमत कितीतरी जास्त असते, भाऊ ज्या प्रकारचा ओढणार त्याप्रमाणे.

अजून एक, हप्ता चुकवू नका. कंपनीने पॉलिसी रद्द करायची ठरवली की एफएमसीएसएला (ट्रकिंगच्या फेडरल खात्याला) ३० दिवसांची नोटीस जाते, त्यांच्या वेबसाइटवर ते सगळ्यांना दिसतं, ब्रोकर रोज तपासतात. नंतर हप्ता भरलात तरी मधल्या काळात लोड मिळायचे बंद झालेले असतात.

सहा_वर्षं_सुखरूप

ताई, एमसीएस ९० मध्ये वसुलीचं कलम आहे हे मी खरंच कधी वाचलं नव्हतं. माझ्याकडे पण एक बदली ड्रायव्हर आहे, सुट्टीच्या दिवसात येतो, त्याचं नाव यादीत आहे का ते आज बघतो.

दोनट्रकवाला

अपडेट देतो. महागडाच घेतला पण थोडा कमी करून. एजंटने सुचवलं की दोन्ही ट्रकमध्ये दोन्ही बाजूचे डॅश कॅम लावा, कार्गोचं डिडक्टिबल ५,००० करा, आणि जुन्या कॅरियरकडून माझ्या चार वर्षांचं, एकही अपघात नसल्याचं पत्र आणा. पत्र मिळायला नऊ दिवस लागले पण मिळालं, त्यावर अंडररायटरने (कंपनीत प्रीमियम ठरवणाऱ्याने) बराच फरक दिला. भावाचं नाव यादीत आहे, पहिलं वर्षभर तो फक्त ड्राय व्हॅन ओढेल असं आम्हीच ठरवलंय. नॉन ओन्ड ट्रेलर ४० हजाराचं घेतलं. रीफर ब्रेकडाऊन घेतलं नाही, त्याऐवजी रीफरचे लोडच सध्या घेणार नाही.

आज सकाळी एफएमसीएसएच्या साइटवर फायलिंग दिसलं. ताई, एक शेवटचं, सर्टिफिकेटवर ब्रोकरचं नाव सर्टिफिकेट होल्डर म्हणून टाकायचं की ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून? एक ब्रोकर ॲडिशनल इन्शुअर्डच मागतोय.

कागदपत्र_ताई

अभिनंदन भाऊ. होल्डर म्हणजे नुसता कागद त्याच्याकडे जातो, हक्क काही मिळत नाही, ते बिनधास्त द्या. ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणजे तुमच्या पॉलिसीत तो पण वाटेकरी होतो, त्याला एन्डॉर्समेंट लागतं, नुसत्या सर्टिफिकेटवर लिहून होत नाही. त्याचा ब्रोकर कॅरियर करार आधी एजंटला पाठवा आणि उत्तर आल्याशिवाय सही करू नका.